उल्कांसाठी अंधार शोधताना

उल्का बघायला निघालेल्या माणसाला उल्का दिसोत न दिसोत, किस्से मात्र भरपूर मिळतात. आमच्या चौघांकडे तर आता इतके साठलेत की कुठे लग्नात भेटलो तरी लोक विचारतात, "काय मग, यंदा अंधार सापडला का?"

चौघे म्हणजे मी, बँकेतला कारकून. वंदनाताई शहरातल्या नंदनवन भागात एका शाळेत भूगोल शिकवतात. गजूचं टायरचं दुकान आहे आणि एक जुनी जीप. चौथे मेश्राम काका, पोस्टातून रिटायर झालेले. काकांनी आयुष्यात एकही उल्का पाहिली नव्हती. कोणी "ती बघा" म्हणायचं आणि यांनी मान वळवेपर्यंत खेळ खलास. त्यामुळे दर डिसेंबरात काळोखी जागा शोधायची, ती मुख्यतः काकांसाठी.

*

पहिल्या वर्षी माझीच गच्ची ठरली. शहराच्या कडेला हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा मागे नुसती शेतं होती. आता चारी बाजूंनी लेआउट पडून घरं झालीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तरी घरातले दिवे मालवून आम्ही चटयांवर आडवे झालो. शेजारच्या वानखेडेंनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, आमची लाईन गेली. बिचाऱ्यांनी त्यांच्या गच्चीवरून वायर ओढली आणि आमच्या डोक्यावर भलामोठा हॅलोजन लावून दिला.

"अंधारात काहून पडून राहिले गा? माणसानं आवाज द्यावा ना."

इतक्या प्रेमानं लावलेला दिवा विझवा, असं कोणत्या तोंडानं सांगणार? आम्ही त्या लख्ख उजेडात चहा प्यायलो आणि उठलो.

*

दुसऱ्या वर्षी जागा शोधण्याचं काम गजूनं घेतलं. शहराबाहेर एक माळ त्यानं पसंत केला. खांब नाही, दुकान नाही, सगळं उत्तम. फक्त त्यानं तो भर दुपारी पाहिला होता. संध्याकाळी आम्ही पोचलो तर समोरच्या झाडांमागे लग्नाचं लॉन निघालं. आकाशात हिरवे-निळे झोत फिरत होते आणि डीजे असा की जीपच्या काचा थरथरत होत्या.

वंदनाताई गजूवर चिडल्या. तेवढ्यात नवरीचे मामा आम्हाला शोधत आले. वरपक्षाची गाडी रस्ता चुकली, अशी त्यांची समजूत झाली होती. आम्ही खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, जेवायला काय हरकत आहे? त्या रात्री उल्का एकही दिसली नाही, पण काकांनी जिलेबी चार वेळा मागून घेतली.

*

तिसऱ्या वर्षी काटोलकडचा रस्ता धरला. एका संत्र्याच्या बागेच्या कडेला ताडपत्री टाकून पडलो. थोड्या वेळानं बागेचा मालक रमेशभाऊ काठी घेऊन हजर. आजूबाजूला संत्र्यांची चोरी चालू होती. वंदनाताईंनी शांतपणे सांगितलं, आम्ही झाडांकडे नाही, वर बघतोय.

"ताई, संत्रे वरच लागतात," रमेशभाऊ म्हणाले.

ताईंनी बोट आणखी वर, आकाशाकडे केलं. आणि तेवढ्यात काका ओरडले. शब्द नव्हताच तो, नुसता आवाज होता. एक लांबलचक उल्का बागेवरून सरकत गेली होती आणि या वेळी काका बरोबर तिकडेच बघत होते. ते ताडपत्रीवर उठून बसले आणि लहान मुलासारखे हसत सुटले. रमेशभाऊंनी काठी बाजूला टाकली आणि ते काकांच्या शेजारी आडवे झाले.

*

पुढच्या वर्षी रमेशभाऊंनीच आम्हाला आपल्या गावात बोलावलं. गावामागचं खळं मोकळं होतं, आकाश स्वच्छ होतं, पण चौकात नवा, उंच खांबावरचा हायमास्ट दिवा बसला होता. त्याचा उजेड थेट खळ्यापर्यंत यायचा. रमेशभाऊंनी सरपंचबाईंना गळ घातली. गावाला त्या दिव्याचा फार अभिमान. बरीच चर्चा झाली आणि अखेर जेवणं आटोपल्यावर थोडा वेळ दिवा बंद करायचं ठरलं.

दिवा विझला तशी मंडळी काय प्रकार आहे ते बघायला अंगणात आली. सुरुवातीला पोरांचा गलका होता. मग डोळे सरावले आणि हळूहळू सगळं आकाश चांदण्यांनी भरलं.

खळ्याजवळच्या घरातून एक म्हातारी आजी सुनेचा हात धरून बाहेर आली. ती मान वर करून कितीतरी वेळ उभी होती. पाय दुखतील म्हणून वंदनाताईंनी खुर्ची पुढे केली. आजी बसली नाही. वर बघतच ताईंना म्हणाली,

"हे आमच्या लहानपणी होतं वं बाई. मले वाटलं, माहेच डोये गेले."