आवळून घातलेली वेणी

लेक अकरावीला गेली तशी मी मुखेडचं घर ह्यांच्यावर सोडलं आणि लातूरला खोली करून राहिले. आमच्याकडं आता ही रीतच झाली हाय. पोरगी डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला, आई डबा करायला लातूरला आणि बाप एकटा गावाकडं. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या खोलीत अशीच एक आई होती. सगळ्यांना एकच वेड, लेकराचं एक मिनिट वाया जाऊ द्यायचं न्हाई.

वेणीत तर किती मिनिटं जातात! मग मी डोकं चालवलं. रविवारी न्हाऊ घातलं की ओल्या केसांवरच दोन वेण्या घालायच्या, अशा आवळून की बुधवारपर्यंत फणी लावायला नको. कपाळावरची बारीक लवसुद्धा तेल-पाणी लावून मागं चापून बसवायची. ती पुस्तकात मान घालून बसलेली, मी मागं उभी. "आई, लई ताण बसून राहिला," ती एकदा म्हणाली. मी म्हणाले, "बसू दे. ताण असला की झोप येत न्हाई." आणि खरंच येत नव्हती. स्वतःच्या हुशारीचं मला काय ते कौतुक! शेजारणींनापण शिकवलं की मी ते.

दिवाळी झाली आणि एका सकाळी भांग पाडताना माझं बोट तिच्या कानशिलावर घसरलं. जिथं केस पाहिजेत तिथं नुसती कातडी, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला बघितलं, तिथंपण तेच, आणि कडेनं तुटलेले आखूड केस. ती पाठांतर करून राहिली होती, तिला पत्ता नव्हता. मी तशीच वेणी घातली.

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. काय काय मनात यायचं! कसलं मोठं दुखणं तर नसंल? अंगात रक्त तरी असंल का? दुपारी ती क्लासला गेली की मी तिच्या उशीवरचे केस वेचून खिडकीपाशी उजेडात बघत बसायची. ह्यांना फोनवर सांगायची हिंमत होईना. "तुला तिथं ठेवलंय कशाला?" म्हणले असते.

शेवटी घरमालकीण काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, बोअरचं पाणी! ह्या पाण्यानं भल्याभल्यांचे केस गेले." जीव भांड्यात पडला माझा. पाण्यावर खापर फोडून मोकळी झाले. डोकं धुवायला जारचं पाणी आणायला लागले. आणि कातडी दिसू नये म्हणून वरचे केस खाली ओढून, कानशिलावर चापून पिना टोचल्या, वेण्या आणखी आवळल्या. महिन्याभरात ती उघडी जागा वाढलेली.

मग एक दिवस तिला आरशात दिसलं. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती ओढणी कपाळावर घेतली आणि क्लासला गेली. माझं धाबंच दणाणलं. त्याच संध्याकाळी तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

बाईंनी वेण्या सोडायला लावल्या, सगळं डोकं बघितलं. "मागं बघा किती दाट आहेत. पाणी काय फक्त कानशिलावरच पडतं का हो ताई? वेणी कोण घालतं?"

"मीच," म्हणाले.

त्यांनी समजावलं. केस रोज मुळातून ओढले जात होते, त्यात ओले, म्हणून तुटत होते. आता वेणी सैल घाला, तीही केस वाळल्यावर. भांग बदलत राहा. रबर, पिना बंद. कपाळावरची लव चापू नका, हातानं नुसती सारखी करा. "परत येतील का हो?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक येतील. पण ओढणं चालूच राहिलं तर मुळंच मरतात. मग काही उपाय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अगदी भीत भीत सैल वेणी घातली. तिनं आरशात बघितलं. "हे काय आई? ओढ ना."

"काल बाईंनी काय सांगितलं?"

"परीक्षेपर्यंत ओढ. असल्या वेणीत मला झोप येईल. केस मागनं येतील, नंबर मागनं लागत न्हाई." घड्याळाकडं बघत बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं. मी हात लावेना म्हणल्यावर तिनं स्वतःच दोन्ही मुठींत केस धरले आणि मागं आवळले. डोळ्यांत पाणी आलं, तरी मुठी सुटेनात. देवा, मला माझ्याच लेकीची भीती वाटली. मी तिची मनगटं धरली. "सोड गं माझे बाय, सोड. आज क्लास राहू दे. झोप येत असंल तर झोप."

तिच्या मुठी सुटल्या. ती गर्रकन माझ्याकडं वळली. केस गेलेले दिसले तेव्हा घाबरली नव्हती, ती आता पांढरीफटक पडली.

"आई," ती म्हणाली, "तू क्लास राहू दे म्हणतीस? खरं सांग. मला काय झालंय?"