द्वारकामावशींचं पाचवं पुस्तक

भाईंदर पश्चिमेला एका छोट्या वाचनालयाच्या दाराशी फळा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावर एखादा वाचक गेल्या महिन्यात आवडलेल्या पाच किशोर कादंबऱ्यांची नावं लिहितो. दोन वर्षं हा वाचक म्हणजे रुचिता होती. मराठी घेऊन एम.ए. झालेली, किशोर कादंबऱ्यांवर प्रबंध लिहिलेली, अक्षर टपोरं. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, सगळं लिहायची. मुलं फळा वाचायची आणि दुसरंच पुस्तक न्यायची.

मग ग्रंथपाल पंढरीनाथकाकांनी तो फळा द्वारकामावशींना दिला.

मावशींचं गल्लीच्या तोंडाशी पोळीभाजी केंद्र आहे. वडील मिठागरात कामाला होते. आठवीत मावशींची शाळा सुटली आणि त्याही मीठ वाहायला लागल्या. पन्नाशीनंतर दुपारच्या सवडीत वाचायला लागल्या, पण फक्त चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या कादंबऱ्या. मोठ्यांच्या का नाही, असं रुचितानं एकदा विचारलं होतं.

"मोठ्यांच्यात बसून नुसती भांडतात," मावशी म्हणाल्या. "ही पोरं निदान घरातनं निघतात तरी."

रुचिताच्या अख्ख्या प्रबंधात असं एक वाक्य नव्हतं. तेव्हापासून तिच्या पोटात दुखत होतं.

मावशींना पुस्तकांची नावं आठवत नसत. त्या म्हणायच्या, होडीवाली, सायकलवाली. मुलंही काउंटरवर तेच मागायची आणि पंढरीनाथकाका बरोबर पुस्तक काढून द्यायचे.

फळा मिळाल्यावर पहिल्याच रविवारी मावशींनी खडू रुचितापुढे धरला. "माझं अक्षर खाली घसरत जातं. तू लिही, मी सांगते."

रुचितानं लिहिलं. बापाची होडी चालवणारी मुलगी. सायकल लपवणाऱ्या बहिणी. न बोलणारा मुलगा. वसतिगृहातून पळालेली मुलगी. प्रत्येक कादंबरीचं खरं नाव तिला शोधून काढावं लागलं.

"पाचवी ती डोंगरावरच्या शाळेची. लिही, मी जाते. कणीक भिजवून ठेवलीय."

मावशी गेल्या. रुचितानं पाचव्या जागी आपली आवडती कादंबरी लिहिली. प्रबंधातली. दोन वर्षांत ती कुणीही नेली नव्हती. खाली मावशींचं नाव होतंच.

दहा दिवसांनी ती पोळ्यांसाठी केंद्रावर उभी असताना हेमाली आली. नववीतली, फटकळ.

"मावशी, तुमचं पाचवं पुस्तक लय पकवतं. तीस पानं झाली, नुसतं आभाळ चाललंय."

मावशींनी मुखपृष्ठ पाहिलं. मग रुचिताकडे पाहिलं. रुचिता तव्याकडे बघत राहिली.

"दे इकडं," मावशी म्हणाल्या. "बघते परत."

परत. त्यांनी ते कधी उघडलंही नव्हतं.

चार दिवसांत ते वाचून झालं. कडांना कणकेची बोटं लागली. हेमालीला बोलावून मावशींनी सांगितलं, "तिसाव्या पानापासनं वाच. कुत्रं येतं तिथनं. मागचं आठवलं तर आठवलं, न्हायतर न्हाय."

महिना संपता संपता पंढरीनाथकाका रुचिताला म्हणाले, "कुत्र्यावाल्या पुस्तकासाठी तिघंजण नंबर लावून बसलीत. द्वारकाबाईंची नजर आहे हां."

याच एका गोष्टीची रुचितानं दोन वर्षं वाट पाहिली होती. ती घडली आणि मावशींच्या नावावर गेली. तिला घरी जाऊन भांडी आपटावीशी वाटली.

ती केंद्रावर गेली. "मावशी, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत."

"चांगलं हाय की पुस्तक. सांगितलं असतंस तर आधीच वाचलं असतं." मावशींनी पोळी उलटली. "पण मी न वाचलेलं माझ्या नावावर लिहायचं न्हाय. कळलं?"

"कळलं."

दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशींना नावं ठेवायला रुचिताला तेवढं तरी मिळालं असतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा खडू तिच्याच हातात आला. चार नावं झाली.

"पाचवं तुझंवालं."

रुचितानं नाव लिहिलं. लेखकाचं लिहिलं. हात हलका झाला होता.

"आन् पुढं लिही, तिसाव्या पानापासून वाचा."

खडू थांबला. त्याच पहिल्या तीस पानांवर तिनं प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं होतं. मागं हेमाली आणि आणखी दोघी वह्या उघडून उभ्या होत्या. रुचितानं ते लिहिलं, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.

"ताई, दिसत नाहीये," हेमाली म्हणाली.

रुचितानं ते पुसलं आणि मोठं लिहिलं.