मामाचा लाल यो-यो

भाईंदरच्या खाडीपासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत माझ्या मेव्हण्याइतका सावकाश माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतका माझा जीव दुसऱ्या कुणी जाळलाही नाही. भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. चहा प्यायला बसला की बशीसुद्धा कंटाळायची. पण डोंगरीच्या जत्रेतून आणलेला लाल लाकडी यो-यो त्याने खाली सोडला की बघतच राहावं. हिसका नाही, धांदल नाही. खाली जाऊन तो जरा गुणगुणायचा आणि हाक मारल्यासारखा परत तळहातात यायचा. आमच्या पेणकरपाड्यातली बाकीची पोरं यो-यो खेळताना स्वतःच उड्या मारायची. याचं फक्त मनगट हलायचं, तेही निरखून बघावं लागे. खेळण्याआधी भांग मात्र पाडायचा. "अरे, तुला बघतंय कोण?" असं मी विचारलं तर यो-योकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊजी, हा बघतो ना!"

हेही चालवून घेतलं असतं हो. पण आमची बेबी! मी कामावरून आलो तर मान वर करायची नाही, आणि मामा आला की त्याच्या पायाशी फतकल मारून "अजून! अजून!" मला जन्मात कुणी अजून म्हटलं नव्हतं. जळफळाट झाला नुसता. गुपचूप एक यो-यो आणला आणि मोरीचं दार लावून सराव सुरू केला. एकदा घागरीला पोचा आला तेव्हा बायको बाहेरून ओरडली, "अहो, आंघोळ करताय की मारामारी?"

मग बेबीचं जावळ ठरलं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसवायची, म्हणजे तिथेही मान त्याचाच! वस्तरा बघून बेबीने टाहो फोडला. म्हटलं, हीच वेळ. पुढे सरसावलो, झोकात यो-यो फेकला, तो थेट न्हाव्याच्या वाटीत! सगळं पाणी सासऱ्यांच्या धोतरावर. बेबी आणखीच किंचाळली. मेव्हण्याने एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने आपला यो-यो सोडला. सावकाश. बेबी गप्प. न्हाव्याचाही वस्तरा थांबला. खरं सांगतो, मीसुद्धा बघत राहिलो, आणि त्यामुळे मेल्याचा जास्तच राग आला.

पुढे त्याला नाशिकला नोकरी लागली. जाताना लाल यो-यो बेबीला देऊन गेला. ती रोज संध्याकाळी तो घेऊन उंबऱ्यात बसायची. एक दिवस तिने तो माझ्यापुढे धरला. "बाबा, मामासारखं करा ना."

मी आधी आत जाऊन भांग पाडला. मग यो-यो सोडला. हिसका बसलाच, वर येता येता तो अर्ध्यात अडकला आणि लोंबकळत राहिला. मी खाली मान घालून दोरी गुंडाळू लागलो. मेव्हणा आत्ता इथे हवा होता, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. बेबीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अजून," ती म्हणाली.