चिंचवडच्या दुसऱ्या मजल्यावरून दिसणारा आफ्रिकेचा किनारा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. खिडकीच्या चौकटीवर धूळ साचते तसे. आमच्या ऑफिसात तर धूळ पुसणं हेच काम, त्यामुळे जरा जास्तच साचलेत.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक लहानसं संग्रहालय आहे. तिथले जुने फोटो तिकडे स्कॅन होतात, ध्वनिफिती कॉम्प्युटरवर उतरवल्या जातात आणि सगळं नेटवरून आमच्याकडे, चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुसऱ्या मजल्यावर येतं. आम्ही ते साफ करतो, नोंदी लिहितो, मग जगभरचे अभ्यासक ते बघतात. भोवताली सगळी दुनिया गाड्यांचे पार्ट बनवते. त्यामुळे लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "तुमची कंपनी काय बनवते?"

मी सांगते, "बनवत काही नाही. आहे ते पुसून ठेवतो."

समोरचा क्षणभर माझ्याकडे बघतो आणि जेवायला निघून जातो.

*

आमचा दत्ता बीडकडचा. फोटोंवरचे डाग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. एकदा एका फोटोत खाली किनारा, थोड्या होड्या आणि वर भलंमोठं आभाळ होतं. आभाळभर बारीक काळे ठिपके. दत्तानं सकाळपासून एकेक ठिपका टिपला. संध्याकाळपर्यंत आभाळ आरशासारखं लख्ख. फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी रेहमाचा व्हिडिओ कॉल आला. रेहमा म्हणजे त्या संग्रहालयाची प्रमुख. आमच्याशी इंग्रजीत बोलते, फार हळू आवाजात. तिनं फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "यातले पक्षी कुठे गेले?"

मूळ स्कॅन आम्ही जपून ठेवतोच, त्यामुळे थवा परत आला. पण तेव्हापासून कुठलाही डाग पुसण्याआधी दत्ता शेजारच्याला बोलावतो आणि पडद्यावर बोट ठेवून विचारतो, "भाऊ, हे उडायलंय का बघ बरं."

*

दत्तानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. रोज आठ-दहा समुद्र साफ करायचा, तरी नाही. बोलता बोलता मी हे रेहमाला सांगून टाकलं. ती लगेच उठली. फोन हातात घेऊन जिना उतरली, रस्ता ओलांडला, वाळूत गेली आणि कॅमेरा समोर धरला.

दत्ता उभा राहिला. लाटा येत होत्या, जात होत्या. आमच्या खिडकीखाली कंपन्यांच्या बस हॉर्न देत होत्या, पण त्याला काही ऐकू येत नसावं.

"कसा आहे म्हणून विचारतेय," मी म्हटलं.

"आमच्याकडच्या आभाळासारखाच हाय म्हणावं," दत्ता म्हणाला. "पण हलायलाय."

*

ध्वनिफिती ऐकायचं काम कुरुळीच्या सुमनताईंचं. आवाज कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, माणूस किती, बाई की पुरुष, हे त्या टिपून ठेवतात. भाषा आमच्यात कुणालाच येत नाही.

एका दुपारी त्यांनी एक गाणं स्पीकरवर लावलं. कुणी बाई गात होती. दोनच ओळी, पुन्हा पुन्हा, मधे पाळण्यासारखं काहीतरी करकरत होतं. जेवणं नुकतीच झाली होती. आधी दत्ताची मान कलली, मग माझी. मला स्वप्नात एक पांढरी भिंत आणि तिच्यावर हलणारी माडाची सावली दिसली. जागी झाले ती रेहमाच्या आवाजानं. तिचा कॉल कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला होता.

"हॅलो," ती म्हणत होती, "तुमचा स्क्रीन अडकलाय का? कुणीच हलत नाही."

सुमनताईंनी त्या गाण्यापुढे नोंद लिहिली, 'अंगाईगीत. खात्रीनं झोप येते.' रेहमाला ती वाचून दाखवून मी खोडायला निघाले, तर ती म्हणाली, "राहू दे. अभ्यासकांना याहून जास्त काय सांगणार?"

*

साठे सर तळेगावहून लोकलनं येतात. चाकणच्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटी बघितली, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. एकदा रेहमानं कळवलं, एक फीत इतकी खराब झालीय की वाजवली की तिच्यावरचा थर गळून पडणार. म्हणजे एकदाच वाजेल. एका म्हाताऱ्या खलाशानं तिच्यात वाऱ्यांची नावं सांगितली होती, आणि ती दुसऱ्या कुठेच नव्हती. तिकडे फीत लावायची आणि त्याच वेळी इकडेही आवाज साठवून घ्यायचा, असं ठरलं.

मे महिना होता. सगळे आपापल्या जागी बसलो. तेवढ्यात साठे सर उठले आणि म्हणाले, "पंखे बंद करा. आवाज जाईल."

चिंचवडच्या पंख्याचा आवाज समुद्रापलीकडच्या फितीत जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही असणार. तरी सुमनताईंनी उठून बटणं बंद केली. फीत फिरू लागली. म्हातारा एकेक वारा सांगत होता, प्रत्येक नावानंतर थोडा थांबत होता. घामानं सदरा पाठीला चिकटला तरी सर हलले नाहीत.

आवाज संपला. "मिळालं," रेहमा म्हणाली. "सगळं मिळालं."

सरांनी पंखे लावायला सांगितले. तेव्हा पलीकडून रेहमाचा आवाज आला, "एक मिनिट, आम्हीपण आमचा लावतो."

*

एका गावाचे फोटो आले होते. ते गाव आता नाही. तिथे मोठं बंदर झालं, माणसं पांगली. फोटोंत चेहरे खूप, नाव एकाचंही नाही. नावं सांगू शकेल अशी एकच म्हातारी उरली होती, बीबी सलमा. ती अंथरुणाला खिळलेली, आणि डोळ्यांना आता नुसता उजेड कळायचा. रेहमा तिच्या घरी जाऊन खाटेशेजारी बसली आणि तिनं आम्हाला फोन लावला. मोठा पडदा आमच्याकडे होता, म्हणून फोटोत काय दिसतं ते आम्ही सांगायचं ठरलं.

सुमनताईंचं कुरुळीतलं शेत कंपनीत गेलं. "मी सांगते," त्या म्हणाल्या. "गाव कसं सांगायचं ते मला ठावं हाय."

त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत, रेहमा तिच्या भाषेत म्हातारीच्या कानाशी.

"हीर हाय. कडंला एक बाई, कमरेवर घागर. हसतीया."

थोड्या वेळानं उत्तर यायचं. "झुबेदा. ती हसतच असायची."

अशी नावं येत गेली. होडी रंगवणारा, कोंबडी धरलेली पोर, दारात बसलेला आंधळा. मी लिहीत होते. शेवटचा फोटो आला.

"आंब्याचं झाड हाय. खाली चटई. पोरी गोल करून बसल्यात."

म्हातारीनं एकेकीचं नाव सांगितलं. मग तिनं विचारलं, "आणि झाडाच्या बुंध्याशी कोण आहे?"

सुमनताईंनी दत्ताला फोटो मोठा करायला लावला, पुन्हा मोठा करायला लावला. "कुणी न्हाई. चटई हाय, जागा मोकळी हाय."

हे तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग पलीकडे म्हातारी हसल्याचं ऐकू आलं. रेहमानं ते इंग्रजीत सांगितलं.

"ती म्हणतेय, ती माझी जागा. मी अजून आलेली नाही. येतेच आहे, थोडं थांबायला सांग."

मी ते मराठीत सांगितलं. सुमनताईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"थांबते म्हनावं."

फोन कुणीच ठेवला नाही. दत्तानं माउसवरचा हात काढून घेतला, आणि आम्ही सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो.