मॅकरोनी आणि हिचं नाक

आमच्या हिला वास येत नाही, हे मला कळलं ते दूध करपल्यामुळे. मी गॅरेजातून दमून घरी येत होतो, तर जिन्यातच करपल्याचा वास. माझ्यासारख्या सिगारेटी फुंकून नाक घालवलेल्या माणसाला तो आला, यावरून काय ते समजा. वरच्या मजल्यावरची म्हातारी कठड्यावरून वाकून ओरडत होती, "अहो, तुमच्याकडे काहीतरी पेटलंय!" मी धापा टाकत घरात शिरलो, तर ही बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून शांतपणे मटार सोलत होती.

मी आधी ओरडलो, मग गॅस बंद केला, मग पुन्हा ओरडलो. पातेल्याचा पार कोळसा झाला होता. ही दारात आली, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला वास येत नाही. मध्ये ताप आला होता ना, तेव्हापासून. चवसुद्धा नाही."

"अगं, मग सांगायचं होतंस!"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही तुमचं नाक लावून देणार होतात?"

एवढं बोलून ती पातेलं घासायला बसली. मी म्हटलं, राहू दे, मी घासतो. तर म्हणे, तुम्ही घासलेलं मला परत घासावं लागतं. आमच्या घरात हे असंच चालतं.

आता तुम्ही म्हणाल, वास येत नाही म्हणजे काय आभाळ कोसळलं? माझा गेला असता तर काहीच बिघडलं नसतं. मला जन्मात फक्त जळलेल्या ऑइलचा वास ओळखता आला. पण ही शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण. आमची लेक लहान होती तेव्हा कांदे चिरायला म्हणून तिथे लागली आणि हळूहळू डाव हातात आला. शाळेतली पोरं दुपारी जे जेवतात ते हिच्या हातचं. आणि ही कधीही चाखून बघायची नाही! पातेल्यावर वाकायची, एक श्वास घ्यायची आणि सांगायची, मीठ कमी आहे. एकदा पिठाचं पोतं तिनं दारातूनच परत पाठवलं, याला अळ्यांचा वास येतोय म्हणून. पोतं आणणारा चिडला, भांडला, शेवटी तावातावानं त्यानंच पोतं उसवलं आणि मान खाली घालून चालता झाला. घरी तर विचारूच नका. मी खाली फाटकाशी सिगारेट ओढली तरी हिला वर कळायचं. आणि मला नेहमीचं वाक्य ठरलेलं, "तुम्हाला चवीतलं काय कळतं? भुसा वाढला तरी गिळाल." खरं आहे ते. गिळीन.

तापातून उठल्यावर डॉक्टरांकडे ती एकटीच जाऊन आली होती. ते म्हणाले, येईल तर येईल, नाही तर नाही, वाट बघा. मग हिनं वाट बघितली. शाळेत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. डोळ्यांनी, कानांनी, हाताच्या सवयीनं स्वयंपाक करत राहिली. मदतीच्या बायकांना मधूनच म्हणायची, "बघ गं जरा मीठ, शिकशील कधी?" त्यांना वाटायचं, मावशी माया करते. घरी आली की मात्र भिंतीला टेकून बसायची, चपला पायांत तशाच. मी विचारलं की म्हणायची, "काम नाही हो जड जात. हे सारखं लपवणं जड जातं."

त्यात वरून हे दुसरं आलं. संस्थेच्या दोन शाळा, दोन स्वयंपाकघरं. ती आता एक करायची ठरली. म्हणजे मुख्य स्वयंपाकीण एकच. दुसरी भाज्या चिरणार. दुसऱ्या शाळेतली बाई हिच्याहून बरीच तरुण. तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. व्यवस्थापक बाईंनी दोघींना बोलावून सांगितलं, पोरं ताटात अन्न टाकतात, त्यांना बेक्ड मॅकरोनी आवडते, आठवड्यातून एकदा ती द्यायची आहे. सोमवारी दोघींनी घरून एकेक ट्रे करून आणा. जिची चांगली, तिच्याकडे स्वयंपाकघर.

ही घरी येऊन मला म्हणाली, "इतकी वर्षं डाव हातात आहे. आता परत कांदे चिरायला बसू?"

मी म्हटलं, "बसशील कशाला? मी आहे ना चव बघायला."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की दुसरा असता तर उठून गेला असता. पण करते काय बिचारी? घरात दुसरी जीभच नव्हती.

रविवारी सकाळची जेवणं उरकून आम्ही लागलो. आमचा ओव्हन जुना, दार नीट लागत नाही, त्याला मीच तारेचा आकडा करून दिलाय. हिनं मॅकरोनी उकळत टाकली आणि अर्धवट शिजल्यावरच गाळली. मी म्हटलं, कच्ची आहे. म्हणाली, "ओव्हनमध्ये पुन्हा शिजते. आत्ताच मऊ केली तर उद्या लापशी होईल. तुम्ही फक्त विचारलं तेवढंच सांगा." बरं बाई.

मग बटर वितळवून त्यात मैदा घातला आणि मंद आचेवर परतायला लागली. परतता परतता मला म्हणाली, "इकडे या. कच्चा वास गेला का बघा."

"कसला कच्चा वास?"

"मैद्याचा हो!"

आता मैद्याला वास असतो हेच मला त्या दिवशी कळलं. मी पातेल्यावर वाकलो, मोठा श्वास घेतला, वाफेनं चष्म्यावर धुकं धरलं. बटरचा काहीतरी वास आल्यासारखा वाटला. म्हटलं, "गेला." ती थोडी घुटमळली. तिच्या डोळ्यांना ते पटत नव्हतं, पण नाक माझं, विश्वास ठेवणं भाग. तिनं दूध ओतायला घेतलं, थोडं थोडं, एका हातानं ढवळत. गुठळी एक नाही! चीज किसून घातलं, मिरपूड घातली, मीठ घातलं आणि चमचा माझ्यापुढे केला.

"थोडं अजून चालेल," मी म्हटलं.

तिनं घातलं. पुन्हा चमचा.

"अजून किंचित."

वरून पावाचा चुरा पसरला, ट्रे आत गेला, मी आकडा लावला. ट्रे बाहेर आला तेव्हा वर काय सुंदर सोनेरी रंग आला होता! कडेनं चीज बुडबुडत होतं. मी म्हटलं, झालं, चष्मेवालीनं आता घरी बसावं.

तेवढ्यात आमची लेक आली. रविवारी येते ती, तिच्या घरचं आवरून. आल्या आल्या चमचा घेतला, घास तोंडात घातला आणि बेसिनकडे पळाली.

"आई! मीठ केवढं घातलंयस? आणि हे पीठ कच्चं आहे की काय? तुझ्या हातून?"

हिनं ओट्यावरच्या मऊ फडक्याला हात पुसले. माझ्याकडे बघितलं नुसतं. मग लेकीला सगळं सांगावं लागलं. लेक आधी आईवर चिडली, लपवलं म्हणून. मग माझ्यावर. "आणि बाबा, तुम्ही चव बघत होतात? तुम्ही? पाण्याच्या ग्लासातसुद्धा मीठ घालून प्याल तुम्ही!" मीही चिडलो. म्हटलं, निदान मी उभा तरी होतो, तू कुठे होतीस? आमचं असं तोंडाला तोंड लागलेलं आणि ही मधोमध स्टुलावर बसलेली, हातात तो मऊ फडका. "भांडा सावकाश," ती म्हणाली, "मला उद्यापर्यंत दुसरा ट्रे करायचाय."

मॅकरोनी पुन्हा उकळली. या वेळी हिनं मीठ चमच्यानं मोजून घेतलं. या बाईनं उभ्या आयुष्यात कधी मोजलं नव्हतं, मूठ आणि चिमूट हेच तिचं माप. चमचा सपाट करताना तिचा हात थांबून थांबून चालला होता आणि मला ते बघवेना. लेक बाहेर आपल्या नवऱ्याशी फोनवर बोलत होती. मैदा परतून झाला. दूध होतं ते सकाळचंच, पहिल्या खेपेला काढलेलं, ओव्हनशेजारी ओट्यावर राहिलेलं. हिनं पातेलं उचललं. मी अगदी शेजारी उभा. राखणदार! नाक पुढे काढून!

लेक दारात आली आणि ओरडली, "आई, थांब! दूध आंबलंय!"

हिचा हात तसाच हवेत राहिला. लेकीनं पातेलं काढून घेतलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि मोरीत ओतून दिलं. "बाबा, इथून येतोय वास. तुम्ही इथेच उभे आहात!" मला खरोखर काही म्हणजे काही आलं नव्हतं.

ही हळूच म्हणाली, "न तापवताच ओतायचं ते. मैद्यात गेलं असतं तर फाटलेलं दिसलंही नसतं."

"जाऊ दे ना आई. गेलं नाही ना?"

"मीठ जास्त झालं तर पोरं पाणी पितात," ती म्हणाली. मग मोरीतल्या दुधावर पाणी ओतत राहिली.

लेकीनं तोडगे काढायला सुरुवात केली. शेजारी कुणालातरी उभं कर, दूध दुसरीकडून तपासून घे, सवड काढून मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. मीही हो ला हो केलं. ही ऐकत होती की नव्हती कुणास ठाऊक. थोड्या वेळानं मला म्हणाली, "खाली जाऊन ताजं दूध आणा. उद्याची मॅकरोनी झाली पाहिजे." म्हटलं, चला, बाई हरलेली नाही. मी जिना उतरलो, गुडघे कुरकुरत होते, पण उतरलो.

तिसऱ्या खेपेला लेक वास घेणार, मी फक्त आकडा लावणार, असं ठरलं. लेकीनं सांगितलं, आता गेला कच्चा वास, तेव्हाच दूध पडलं. तिनं चाखलं, तेव्हाच मीठ थांबलं. ट्रे बाहेर आला. लेकीनं कोपरा मोडून खाल्ला आणि म्हणाली, "आई, हे तुझं." हिनंही एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. मी विचारलं, कसं लागतंय? "गरम लागतंय," ती म्हणाली आणि ट्रे झाकायला लागली.

सोमवारी ती ट्रे घेऊन गेली. माझं कामात लक्ष लागेना. एका गाडीचा नट मी उलटा पिळत बसलो होतो, मालक हसला. मनात एकच, हिचा डाव हातात राहू दे. इतकी वर्षं वाफेत उभी राहून पाय सुजवले बाईनं, आता म्हातारपणी कुणाच्या हाताखाली बसायची वेळ येऊ नये. मी लवकर सुटून घरी आलो. ही आधीच आलेली. भिंतीला टेकून, चपला पायांत. शेजारी रिकामा ट्रे.

"संपवला सगळा?" मी आनंदानं विचारलं.

"चाटूनपुसून. बाई म्हणाल्या, ही मॅकरोनी पोरांना मिळाली पाहिजे. चष्मेवालीचीही बरी होती, पण खाली चिकट झाली होती. स्वयंपाकघर मला दिलं."

मी टाळीच वाजवली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

"मग मी सांगितलं, मला वास येत नाही."

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग माझा पारा चढला. "अगं, हातातोंडाशी आलेला घास! कुणी विचारलं होतं तुला? कुणाला कळणार होतं? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!"

"ओरडू नका हो, डोकं दुखतंय." ती खरंच फार थकलेली दिसत होती. "ते कालचं दूध डोळ्यांसमोरून जात नव्हतं. तुम्ही शेजारी उभे होतात, तरी मी ओतणार होते. तिथे शाळेभर पोरं खातात."

"मग ट्रे कशाला न्यायचा होता? नुसतं जाऊन सांगायचं होतंस! काल दिवसभर आम्हाला राबवलंस, स्वतः राबलीस!"

तिनं माझ्याकडे मान वळवली. "आधी सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, नाचता येईना अंगण वाकडं. जमत नाही म्हणून आजार सांगते. म्हटलं, आधी त्यांना खाऊ दे. पसंत पडू दे. मग सांगू."

मी खाली बसलो, तिच्याजवळ. रागवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. बाईंनी काय केलं, ते तिनं तसंच सपाट आवाजात सांगितलं. बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, डाव चष्मेवालीकडे जाईल, तुम्ही चिरण्याकडे बसा, नाक परत आलं की बघू. उद्यापासून.

"बघतील," मी म्हटलं. "येईल तुझं नाक."

"येईल तेव्हा येईल." तिनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. मग एकदम म्हणाली, "अहो, पोरं रोज सुट्टीत खिडकीशी येतात. ओरडून विचारतात, मावशी, आज काय केलंय? उद्या पण येतील. काय सांगू मी? भोपळा चिरलाय म्हणून?"

आणि तिला हसू आलं. हसता हसता तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. ताप आल्यापासून एकदाही रडली नव्हती. पदरानं तोंड झाकून, मोठ्यानं, लहान मुलीसारखी.

"सांग, चिरलाय," मी म्हटलं. "चांगला बारीक चिरलाय."