मेजरांच्या गाडीचे किलोमीटर

आमच्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये एकोणचाळीस जण होते. आता अडतीस आहेत.

शिरवळपासून मिरजेपर्यंतची माणसं. रविवारी सकाळी टीव्हीवर गाड्यांचा कार्यक्रम लागला की सगळे मोबाईल घेऊन बसायचे. निवेदकानं नव्या गाडीचं कौतुक केलं की कोणीतरी लिहायचं, ‘ह्याला एकदा आमच्या कोरेगावच्या आतल्या रस्त्यावर आणा, मग बोलू दे.’ तिथून विषय टोलवर जायचा, टोलवरून सरकारवर. सरकारचं निघालं की मी आणि मेजर समोरासमोर.

मेजर सांगलीजवळच्या माधवनगरचे. बावीस वर्षं लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले, ‘मेजर’ हे आम्हीच लावलेलं नाव, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. मी जुनी गाडी घेत होतो तेव्हा ते सांगलीहून साताऱ्याला स्वतः गाडी चालवत आले, पोतं अंथरून गाडीखाली शिरले आणि अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाले, “घे. धा वर्सं काय हुत न्हाई.” आज तिला अकरावं वर्ष चालू आहे.

वाद इथेनॉलचा होता. उसापासून केलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला लागल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज उतरलं, असं माझं म्हणणं. मी दर वेळी टाकी फुल करून लिटर आणि किलोमीटर वहीत लिहितो. साडेसतरावरून सोळा पूर्णांक दोनवर आलं होतं. मेजरांचा थोडा ऊस होता. वर्षभर ते ग्रुपवर लिहायचं सोडून आवाजातच निरोप पाठवत होते. टाइप करायचा कंटाळा येत असेल, असं मी धरून चाललो होतो. “आमच्या उसाला बरा दर मिळाय लागला की तुमा नोकरदारांचं पोट दुखतंय व्हय रं? माझी गाडी अजून अठरा देतीय. बघ फोटू.”

फोटोत ट्रिप मीटर असायचा, म्हणजे टाकी भरल्यापासूनचे किलोमीटर; लिटर ते आवाजात सांगायचे. मी ते आकडेही वहीत उतरवून ठेवायचो. दोघांची तुलना करता यावी, एवढाच हेतू.

एका रविवारी फोटो आला, ४१२.६. आकडा ओळखीचा वाटला. वही उघडली, तर दिवाळीत हाच आकडा. जुना फोटो शोधून काढला. तोच आकडा, डॅशबोर्डच्या घड्याळात तेच सात शेहेचाळीस, काचेवर तोच डाग. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडून ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘ज्याचं अ‍ॅव्हरेज खोटं, त्याचं राजकारण कसं खरं असेल?’

दहा मिनिटांत ग्रुप उसळला. ‘मेजरांची गाडी लय भारी गड्या, न हलता अठरा देती.’ ‘हिला इथेनॉल नको, नुसती थाप पुरती.’ मीही हसलो. दुपारी मेजर ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ आली. मला वाटलं, पुराव्यापुढे काय बोलणार. त्या दिवशी मी दोनदा जेवण वाढून घेतलं, इतका खूश होतो.

तीन आठवडे त्यांनी फोन उचलला नाही. मग एका लग्नासाठी सांगलीला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून माधवनगरला. अंगणात गाडी उभी होती. दोन चाकांत हवा नव्हती आणि बोनेटवर शेवग्याची फुलं साचलेली.

मेजरांच्या पत्नी बाहेर आल्या. “आवं, त्यास्नी गाडीला हात लावून वरीस झालं,” त्या म्हणाल्या. “काचबिंदू. डॉक्टरनं चालवायचं बंद केलं. कुणाला सांगू नगं म्हणाले. फोटू समदे मोबाईलातले जुने. मीच हुडकून पाठवायची. त्या दिशी दिवाळीतला परत ग्येला, माझाच घोटाळा.”

“माझा मेसेज...” मी म्हणालो.

“मीच वाचून दाखवला. रोज मीच वाचती. खाली काय काय लिवलंय त्येबी वाच म्हणाले, म्हणून तेबी वाचलं.”

मेजर आत कॉटवर बसले होते. मी माफी मागितली. ते माझ्या थोडं डावीकडे बघत म्हणाले, “तुजा आकडा बरुबर हुता की. माफी कशाची?”

“ग्रुपवर परत या, मेजर. मी सगळ्यांना खरं काय ते सांगतो.”

“आन मग? समदे सांबाळून बोलत्याल. आंधळ्यासंगं कोण भांडतंय? त्ये नगं.” मग म्हणाले, “हितं समद्यास्नी उभी गाडी दिसतीय. ग्रुपात कुणी इचारलं तर मी म्हणायचो, परवा कोरेगावास्नं आलो. तिथं तेवढी माझी गाडी चालत हुती.”

मी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांनीच तशी शपथ घातली. आता दर रविवारी कार्यक्रम संपला की मी त्यांना फोन करतो. नव्या गाडीचं सांगतो, निवेदक काय म्हणाला ते सांगतो. मुद्दाम इथेनॉलचा विषय काढतो. मागच्या रविवारी म्हटलं, “मेजर, ह्या टाकीला पंधरा पूर्णांक नऊ. बोला आता.”

आता अठराचा आकडा येणार म्हणून मी वही उघडून बसलो.

“असंल बाबा,” ते म्हणाले. “तू लिवून ठेवतोस. तुजंच खरं असंल.”