गिटारीला जवारी

वाद्यांची किंमत ठरवणे हे बातमीदाराचे काम नव्हे. पण पुण्याच्या एका दैनिकात मी दिलेले गायनाच्या बैठकीचे वृत्त छापून आले आणि लोणावळ्यात मी संगीतातला जाणकार ठरलो. महायुद्धाआधीच्या एका जानेवारीत रेल्वेच्या चाळीतून मला बोलावणे आले, ते याच गैरसमजातून.

बोलावणारे गृहस्थ मूळचे गोव्याचे, मालगाडीवर गार्ड. मुलीच्या लग्नातल्या नाचाला आपण स्वतः गिटार वाजवू, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. लग्न तोंडावर आले होते. गिटार त्यांनी मळवलीच्या एका कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतली होती. या कारागिराचा जन्म भजनी मंडळांच्या वीणा आणि तंबोरे करण्यात गेला होता. आपली बाजू सांगायला त्याने गावचे भजनीबुवाही सोबत आणले होते.

मी गिटार पाहिली. लाकूड सुके, सांधे घट्ट, पडदे नेमक्या जागी. वाद होता तो तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिच्यावरून. तंबोऱ्याच्या घोडीसारखी ती घासून कारागिराने गिटारीला जवारी काढली होती. कोणतीही तार छेडली की ती कितीतरी वेळ गुंजत राही.

"आत मधमाश्या भरल्यात," गार्डसाहेब म्हणाले. "जळणाच्या भावातही नको मला."

"मुकी तार कुनीबी बसवंल, सायेब," कारागीर म्हणाला. "ह्यो आवाज काडायला लय दिस गेले."

बुवांनी एक तार छेडली, डोळे मिटले आणि किंमत दुप्पट करावी, असे सुचवले. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिले.

ज्यासाठी केली, ते वाजवून बघा, असे मी म्हणालो. गार्डसाहेबांनी नाचाची चाल धरली. एका सुराचे गुंजन विरण्याआधीच पुढचा त्यावर येऊन आदळत होता. ऐकवेना.

"अवो, त्याला जगू तरी द्या!" कारागीर ओरडला. "एक वाजला न वाजला की दुसरा!"

"नाचणारे थांबणार आहेत का, मिस्त्री?"

"मग नाचच जरा सावकाश करा की," बुवा म्हणाले.

हे दुपारभर चालले. खोटे कोणीच बोलत नव्हते, म्हणून कोणाला गप्पही करता येईना. अखेर मुलगी दारात आली.

"पप्पा, तुमचं चालू द्या. मी बँडवाल्यांना सांगून येते."

गार्डसाहेबांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. कारागिराने त्यांच्याकडे एकदा पाहिले, पिशवीतून कानस काढली आणि आमच्याकडे पाठ करून पट्टीवरची जवारी घासून मोडली.

"घ्या," तो म्हणाला. "पन कुनी इचारलं, तर माजं नाव सांगू नका."

लग्नात गिटार स्वच्छ वाजली आणि मुलगी बापासमोर मनसोक्त नाचली. कुठे करून घेतली, असे एका पाहुण्याने विचारले. गार्डसाहेब क्षणभर घुटमळले.

"मुंबईला."

पाहुण्याने गिटार उलटसुलट करून पाहिली, मागच्या लाकडावर टिचकी मारली आणि मान हलवली.

"वाटलंच मला. असलं काम आपल्याकडे होत नाही."